कुंपण आणि शेत

गेल्या चातुर्मासात एका सायंकाळी एक वृद्ध जोडपे आमच्या कचेरीत आले. गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. साऱ्या गावाचे मास्तर. त्यांच्या पत्नी देवळातील भजनास नेमाने येणाऱ्या आणि बेताचे बोलणाऱ्या. कज्जा कसलाच नव्हता. रस्त्याच्या कडेचे वडिलोपार्जित भाट विकले गेले होते आणि सरकारचे देणे देऊन १ कोटी १० लाख रुपये हाती उरले होते. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी आता मोठ्या शहरात लोकांच्या पैशाची गुंतवणूक करून देण्याचा व्यवसाय करतो. त्याने त्यांच्या हाती गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका ठेवली होती. ती एका हेज फंडाची होती.

“वकीलबाब,” मास्तर म्हणाले, “फायदा होईल की नाही हे मी विचारावयास आलो नाही. बाजार चढला तरी ह्यात मिळते आणि कोसळला तरीही मिळते, असे ह्या पुस्तिकेत म्हटले आहे. मग कोणाचे तरी बुडाल्यावाचून ते मिळणार कसे? देवाच्या दारात उभे राहणाऱ्या माणसाने तसले पैसे घ्यावेत काय?”

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच बाई प्रथमच बोलल्या: “आनी पयशे बुडले जाल्यार तो आमकां कितें दितलो?”

मास्तरांचा प्रश्न नीतीचा आणि बाईंचा व्यवहाराचा, असे त्या वेळी आम्हांस वाटले. पुढे काही दिवस विचार केल्यावर आमचे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

इंग्रजीत हेज म्हणजे कुंपण. आपल्या कोकणपट्टीतील वई. हा शब्द पैशाच्या व्यवहारात जुनाच आहे. परंतु अशा निधीचा आद्य प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव घेतात तो आल्फ्रेड विन्सलो जोन्स हा मुळात बाजारातला मनुष्यच नव्हे. तो समाजशास्त्रज्ञ. अमेरिकेतील अ‍ॅक्रन ह्या कारखान्यांच्या गावी जाऊन, मोठ्या कंपन्यांच्या मालमत्तेच्या हक्काविषयी लोकांच्या मनात काय आहे, ह्याचा त्याने अभ्यास केला आणि त्यावरील त्याचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. पुढे तो ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी लिहू लागला आणि १९४९ साली मित्रांना घेऊन त्याने १ लाख डॉलरच्या भांडवलावर भागीदारी उभी केली. त्यांपैकी ४० हजार त्याचे स्वतःचे होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. त्याची युक्ती अशी होती. जे शेअर चांगले वाटतात ते विकत घ्यावयाचे आणि जे वाईट वाटतात ते कोणाकडून उसने घेऊन विकून टाकावयाचे. शंभराला विकलेला उसना शेअर सत्तरवर आला की तो बाजारातून घेऊन ज्याचा त्यास परत करावयाचा. मधले तीस आपले. असे केल्याने सारा बाजार चढो वा पडो, एका बाजूचे नुकसान दुसरी बाजू भरून काढते आणि हाती राहतो तो केवळ आपल्या पारखीचा मोबदला. वादळापासून शेताला केलेली ही वई.

आता मास्तरांची शंका. दुसऱ्याच्या पडण्यातून मिळालेला पैसा पापाचा काय? ह्यावर आम्ही फार वेळ घालविणार नाही. वैद्याचे पोट रोगावर चालते आणि आम्हां वकिलांचे भांडणावर. म्हणून रोग वैद्याने आणला आणि भांडण आम्ही लावले असे होत नाही. (दुसऱ्या वाक्याबद्दल काही पक्षकारांचे मत निराळे असू शकेल.) फुगविलेल्या किमतीचा शेअर विकणारा मनुष्य ‘हे सोने नव्हे, पितळ आहे’ असे सांगत असतो आणि त्यासाठी आपला पैसा पणास लावतो. अमेरिकेतील एन्रॉन कंपनी २००१ च्या डिसेंबरात दिवाळखोर ठरली, त्याच्या कितीतरी आधी तिचे हिशेब वाचून तिच्यात काहीतरी कुजते आहे हे ओळखणाऱ्यांत जिम चॅनोस हा असाच मंदीवाला होता. मोठमोठे विश्लेषक तो शेअर घ्या असे सांगत असता त्याने तो उसना घेऊन विकला. एन्रॉनच्या कामगारांची म्हातारपणाची पुंजी बुडाली ती कंपनीच्या चालकांनी केलेल्या लबाडीमुळे, चॅनोसमुळे नव्हे. जो खोट्या अफवा पिकवून भाव पाडतो तो गुन्हेगार खरा. पण भाव पडेल हे ओळखणे हा गुन्हा नव्हे. मास्तरांना आम्ही एवढेच सांगितले, आणि त्यांच्या मनावरचे ओझे उतरलेले दिसले.

बाईंच्या प्रश्नाने मात्र आम्हांस जुनी पुस्तके उघडावयास लावली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात संभूयसमुत्थान म्हणून एक प्रकरण आहे. म्हणजे पुष्कळांनी मिळून धंदा करणे. तेथे नियम दिला आहे की मिळून व्यापार करणाऱ्या वाण्यांनी लाभ आणि हानी दोन्ही ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात, अथवा आधी ठरल्याप्रमाणे, वाटून घ्यावीत. नुसत्या लाभाची वाटणी सांगून स्मृतिकार थांबत नाहीत. अलाभही त्याच दमात सांगतात. ह्याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणनगरीत मिताक्षरा लिहिली, आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा दायविभाग तिच्या आधारे चालला.

पुस्तिकेतील करार मात्र असा होता. जमा रकमेवर सालिना २ टक्के व्यवस्थापनाचे, आणि त्याखेरीज जो नफा होईल त्याचा २० टक्के वाटा चालकाचा. १ कोटीवर एका वर्षात १० लाख मिळाले असे धरू. त्यांतून २ लाख प्रथम गेले. राहिलेल्या ८ लाखांचा पाचवा हिस्सा, १ लाख ६० हजार, तोही गेला. मालकाच्या हाती ६ लाख ४० हजार, आणि त्यावर कर निराळा. आता दुसऱ्या वर्षी १० लाखांचे नुकसान झाले असे धरू. ते सर्व मालकाचे. शिवाय चालकाचे २ लाख द्यावयाचे ते द्यावयाचेच. बाईंनी विचारले होते की बुडाले तर तो आम्हांला काय देईल. ह्याचे उत्तर असे की तो काही देणार नाही, उलट काही घेईल.

ह्यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. सर्व छापलेले आहे आणि सही करणारा सज्ञान आहे. एक संरक्षणही असते: निधीने पूर्वी गाठलेली उंची पुन्हा गाठेपर्यंत चालकाने नफ्याचा वाटा घेऊ नये. हा नियम न्याय्य आहे. परंतु निधी खोल खड्ड्यात गेला तर चालकास आणखी एक वाट मोकळी असते, ती म्हणजे दुकान बंद करून दुसरे उघडण्याची.

जोन्सचा प्रारंभीचा करार ह्याहून सरळ होता. तो नफ्याचा पाचवा हिस्सा घेई, पण नफा झाला तरच. आणि त्याचे स्वतःचे द्रव्य त्याच नावेत असे. हा पाचवा हिस्सा कोठून आला, तर प्राचीन फिनिशियन तांडेल सफर यशस्वी झाल्यास नफ्याचा एवढाच वाटा घेत, असे तो सांगे म्हणतात. आम्हांस हे वाचून मौज वाटली, कारण आपल्या स्मृतीतही समुद्रगामी व्यापाऱ्याच्या संदर्भात शेकडा २० हाच आकडा आला आहे. मात्र तेथे देणारा आणि घेणारा यांच्या जागा उलट आहेत. दुसऱ्याचे धन घेऊन जो समुद्रावर जातो त्याने धनकोला शेकडा २० द्यावेत, असे याज्ञवल्क्य म्हणतो. अरण्यातून जाणाऱ्याने १० द्यावेत. मिताक्षरेने दिलेले कारण असे की अधिक लाभासाठी हा मनुष्य जेथे प्राण व धन दोन्ही जाण्याची भीती आहे अशा ठिकाणी शिरतो. म्हणजे दुसऱ्याचे द्रव्य धोक्यात घालणाऱ्याने त्या धोक्याबद्दल द्रव्याच्या मालकास मोल द्यावयाचे. आजच्या करारात द्रव्याचा मालकच नाखव्याला ते मोल देतो. व्यवहार इतके बदलले आहेत की जुन्या वचनाने नव्या कराराचा निवाडा करणे सर्वस्वी योग्य होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीपण धोका ज्याच्या डोक्यावर, मोबदला त्याच्या पदरी, ही भावना जुनी झाली असे आम्हांस वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल, चालक विद्वान असला, प्रामाणिक असला, त्याचाही पैसा त्यात असला, तर ह्या शंका कशासाठी? त्यांस आम्ही १९९८ सालची हकीकत सांगू. जॉन मेरिवेदर ह्याने १९९४ साली ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ नावाचा निधी काढला. त्याच्या भागीदारांत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे होते. ह्या दोघांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भागीदारांनी आपली स्वतःची संपत्तीही त्यात घातली होती. ह्याहून अधिक विद्या आणि ह्याहून अधिक निष्ठा कोठून आणावयाची? १९९८ च्या आरंभी निधीचे भांडवल पावणेपाच अब्ज डॉलरच्या घरात होते आणि त्यावर उचललेले कर्ज शंभर अब्जांहून अधिक होते. त्या वर्षी ऑगस्टात रशियाने आपले देणे थकविले, साऱ्या जगात घबराट उठली, आणि जे भाव एकमेकांच्या जवळ येतील असा गणिताचा निर्वाळा होता ते एकमेकांपासून दूर पळत सुटले. चार महिन्यांत साडेचार अब्जांहून अधिक गेले. शेवटी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने पुढाकार घेऊन १४ वित्तसंस्थांकडून सुमारे ३.६ अब्ज डॉलर उभे करविले, तेव्हा पडझड थांबली. वई ह्या शब्दाने मनात जी सुरक्षिततेची कल्पना येते, तिच्याशी ह्या कथेचा मेळ कसा घालावा? कुंपण कर्जाच्या लाकडाचे असले तर वणवा तेथूनच पेटतो. आणि मेरिवेदरने पुढल्याच वर्षी नवा निधी काढला. तोही २००९ साली बंद झाला.

एका बुडालेल्या जहाजावरून सर्व नौकानयनाची परीक्षा करू नये, हे खरे. म्हणून वॉरेन बफे ह्या धनाढ्य अमेरिकन गुंतवणूकदाराने लावलेल्या पैजेकडे वळू. २००८ ते २०१७ ह्या दहा वर्षांत, अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांचे शेअर काही निवड न करता सरसकट धरणारा स्वस्त निर्देशांक निधी, निवडक हेज फंडांना मागे टाकील, असे तो म्हणाला. दुसऱ्या पक्षाने पाच निधी निवडले. प्रत्येक निधी पुन्हा अनेक हेज फंडांत पैसे गुंतविणारा. म्हणजे निवड तज्ज्ञांची, आणि तज्ज्ञांमधून पुन्हा तज्ज्ञांची. पहिल्याच वर्षी बाजार कोसळला. निर्देशांक निधी ३७ टक्के उतरला. पाचही निधी त्याहून कमी, सुमारे १६ पासून ३० टक्क्यांपर्यंत उतरले. वईने वादळात आपले काम केले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु दहा वर्षांअखेर निर्देशांक निधीची वाढ १२५.८ टक्के झाली, आणि पाच निधींची २.८ पासून ८७.७ टक्क्यांपर्यंत. पाचांची सरासरी ३६ च्या आसपास येते. अंतर पडले त्यात पारखीचा दोष किती आणि खर्चाचा किती, ह्याची वाटणी करणे कठीण. पण वरच्या निधीचे शुल्क आणि त्याखालच्या निधींचे शुल्क असे दुहेरी वजन होते, हे तर उघडच आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ते असे.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्हांस सर्वांत भारी वाटतो. श्रीमंताच्या शेताला वई आणि गरिबाचे शेत उघडे, हा कुठला न्याय? भारतात सेबीच्या २०१२ च्या विनियमांनी असे निधी पर्यायी गुंतवणूक निधींच्या तिसऱ्या वर्गात घातले आणि एका गुंतवणूकदाराकडून १ कोटीहून कमी रक्कम घेऊ नये असे ठरविले. म्हणजे कायद्यानेच सामान्य माणसास दारात अडविले. १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंडांना विशेषित गुंतवणूक निधी काढण्याची मुभा मिळाली. तेथे उंबरठा १० लाखांचा आहे, आणि मंदीच्या बाजूचे उघडे व्यवहार निधीच्या २५ टक्क्यांपलीकडे नेता येत नाहीत. दार थोडे किलकिले झाले, ह्याचे अनेकांनी स्वागत केले. समतेच्या नावाने आम्हीही ते करावे काय?

आम्ही ह्या आक्षेपाचा विचार मास्तरांच्या पुंजीवरूनच केला. ज्यास वादळाची भीती वाटते त्याने कमी पेरावे, हा उपाय प्रत्येकाच्या हाती आहे आणि त्यास एक दमडी शुल्क पडत नाही. त्या दहा वर्षांच्या आरंभी एखाद्या अमेरिकन मास्तराने आपली अर्धी रक्कम त्या स्वस्त निर्देशांक निधीत घातली असती आणि अर्धी लोखंडी पेटीत ठेवून तिला हातही लावला नसता, तर २००८ साली त्याची पुंजी साडेअठरा टक्के उतरली असती. पाच निधींतील चार त्याहून अधिक उतरले. आणि दहा वर्षांअखेर ती सुमारे ६३ टक्के वाढली असती. पाच निधींतील एकच त्यापुढे गेला. पेटीऐवजी बँकेत ठेवून व्याज घेतले असते तर आणखी बरे. म्हणजे सामान्य माणसाचे शेत उघडे आहे ही समजूतच खरी नाही. मुदत ठेव, टपाल कार्यालयातील बचत, राहते घर, घरातले चार तोळे सोने, ही त्याची वई आहे. ती दिसावयास साधी, म्हणून तिची पुस्तिका कोणी गुळगुळीत कागदावर छापीत नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांचा निवृत्तिवेतन निधी जगातील मोठ्या निधींपैकी एक. त्याच्या पदरी तज्ज्ञांची फौज. त्यानेसुद्धा २०१४ साली गुंतागुंत आणि खर्च ही कारणे देऊन हेज फंडांतील सुमारे ४ अब्ज डॉलर काढून घेण्याचे जाहीर केले.

परंतु १ कोटीच्या त्या उंबरठ्याविषयी एक गोष्ट बोलल्याखेरीज राहवत नाही. कायद्याने रक्कम मोजली, प्रमाण मोजले नाही. ज्याच्यापाशी ५० कोटी आहेत त्याचा १ कोटी, आणि ज्याच्यापाशी भाट विकून आलेला १ कोटी एवढेच आहे त्याचा १ कोटी, ह्या दोन वस्तू एक नव्हेत. अमेरिकेच्या कायद्याने अशा गुंतवणुकीस पात्र कोण हे ठरविताना १० लाख डॉलरची मालमत्ता मागितली आहे, आणि २०१० पासून तीत राहते घर धरावयाचे नाही असे केले आहे. त्या नियमातही दोष आहेत, पण मनुष्याच्या मागे काय उरते हे पाहण्याचा प्रयत्न तरी आहे. गोव्यात जमिनीचे भाव असे वाढले आहेत की आयुष्यभर शाळेच्या पगारावर राहिलेला मनुष्य एका खरेदीखताने कोट्यधीश होतो. तो त्या दिवशी कायद्याच्या लेखी जाणता गुंतवणूकदार ठरतो. आदल्या दिवशी तो जेवढा जाणता होता तेवढाच त्या दिवशीही असतो.

शिवाय ते द्रव्य कोणाचे? पोर्तुगीज अमदानीतील १८६७ च्या नागरी संहितेपासून आपल्याकडे चालत आलेल्या नियमाने, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक. वडिलोपार्जितही त्यात आले. भाट मास्तरांच्या वडिलांचे असले तरी त्याचे अर्धे मोल बाईंचे आहे, म्हणून तर विक्रीच्या खतावर दोघांच्या सह्या लागल्या. १८८२ चा भारतीय न्यास कायदा विश्वस्तास सांगतो की सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जशी काळजी घेईल तशी न्यासाच्या मालमत्तेची घे. देवालयाच्या कारभारात वावरणाऱ्या आपल्या वाचकांस ही वृत्ती अंगवळणी पडलेली आहे. देव हा न्यायालयाच्या दृष्टीने कायमचा अज्ञान. त्याचा पैसा सांभाळणारा महाजन नंदादीपाच्या तेलाचाही हिशेब सभेत देतो, आणि देवस्थानाचा निधी कोणी तेजीमंदीत घालू म्हणाला तर आधी त्याच्याकडे सर्वजण वळून पाहतील. घरातल्या द्रव्याकडे मात्र आपण मालकाच्या नजरेने पाहतो. मास्तर पंच्याहत्तरीकडे झुकले आहेत. बाई त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. ह्या पैशावर शेवटची काही वर्षे कदाचित एकट्या बाईंनाच काढावी लागतील. मग त्या काळाकरिता आज मास्तर हे विश्वस्तच नव्हेत काय?

हा भित्र्यांचा उपदेश आहे असे म्हणणारे भेटतात. आपले लोक आफ्रिकेत गेले, आखातात गेले, तेव्हा त्यांनी काय मुदत ठेवी केल्या होत्या? नाही, पण त्यांनी आपले शरीर आणि आपली अक्कल धोक्यात घातली, आणि वारा कोठून येतो हे पाहावयास ते स्वतः डेकवर होते. ज्याची १० कोटींची इस्टेट आहे, ज्यास हिशेब वाचता येतात, ज्याचा १ कोटी गेल्याने घरातली चूल थंड होणार नाही, त्याने हौसेने असल्या निधीत रक्कम घालावी; आम्ही त्यास अडविणार नाही, आणि चांगले निधी ह्या जगात नाहीतच असेही म्हणणार नाही. ते आधी ओळखण्याची विद्या मात्र आम्हांपाशी नाही, मास्तरांपाशीही नाही, आणि त्या पाच निधींची निवड करणाऱ्यांपाशीही ती पुरेशी होती असे दिसले नाही.

दुसऱ्या भेटीत आम्ही हे सर्व थोडक्यात सांगितले. केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ते दोघांनी ठेवावेत. बँकेतील ठेवींना दर बँकेमागे दर ठेवीदारास ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, म्हणून बाकीची रक्कम दोनचार बँकांत विभागावी. बाजारात जे घालावयाचे ते इतके थोडे आणि इतके साधे असावे की भाव पडल्याची बातमी ऐकून रात्रीची झोप जाऊ नये. मास्तरांनी हे सारे वहीत उतरवून घेतले. मग चष्मा काढून ते म्हणाले, “पण त्या मुलाला काय सांगू? वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. मनाने चांगला आहे हो. त्याला वाटेल, मास्तरांचा आपल्यावर विश्वास नाही.”

आम्हांस ह्यावर काही सुचेना. कायद्याच्या पुस्तकात अशा प्रश्नांची कलमे नसतात. बाईंनी पिशवीतून ती पुस्तिका काढून आमच्या मेजावर ठेवली आणि म्हणाल्या की त्याला घरी जेवायला बोलवा, आणि सांगा की अर्धे पैसे माझे आहेत व मी नाही म्हटले आहे.

मास्तर हसले. उठता उठता त्यांनी विचारले, बँकेच्या पावत्यांवर पहिले नाव कोणाचे घालावे. बाईंचे घाला, असे आम्ही सांगितले.